घरातील ई-पुस्तकांचा एक संग्रह अनेक संगणकांवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका संगणकावर जमवलेली ई-पुस्तके घरातील इतर संगणकांवरही वाचता यावीत, ही मागणी साधी वाटते. पण ती पुरी करण्याचे जे मार्ग सर्वप्रथम सुचतात, त्यांतले बरेचसे संग्रहालाच अपाय करणारे असतात. पुढील उत्तरे कॅलिबर वापरणाऱ्यांसाठी आहेत. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये लिहायला घेतलेले, ई-पुस्तकांचा संग्रह सांभाळणारे हे मुक्तस्रोत आणि विनामूल्य सॉफ्टवेअर विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर चालते.

कॅलिबरचा संग्रह डिस्कवर कोणत्या स्वरूपात साठवलेला असतो?

संग्रह म्हणजे एक फोल्डर. त्यात प्रत्येक लेखकाचा एक उपफोल्डर, त्याच्या आत प्रत्येक पुस्तकाचा एक उपफोल्डर आणि त्यात पुस्तकाच्या फायली, मुखपृष्ठाचे चित्र व पुस्तकाची माहिती नोंदवणारी ओपीएफ प्रकारची एक छोटी फाइल असते. पुस्तकाच्या फोल्डरच्या नावाशेवटी कंसात जो आकडा दिसतो, तो त्या पुस्तकाचा संग्रहातील क्रमांक होय. या सर्वांच्या वरच्या पातळीवर 'मेटाडेटा डॉट डीबी' नावाची फाइल असते आणि सगळा कारभार तिच्याकडे असतो. हा एसक्यूलाइट प्रकारचा डेटाबेस आहे. शीर्षके, लेखक, टॅग, मालिका, तारांकन, वापरकर्त्याने स्वतः तयार केलेले स्तंभ आणि कोणती फाइल कोठे ठेवली आहे याची नोंद त्यात असते. फोल्डरांची रचना याच नोंदींवरून ठरत असल्यामुळे एखाद्या फोल्डरचे नाव परस्पर बदलले किंवा एखादी फाइल हाताने दुसरीकडे हलवली, तर कॅलिबरला ती सापडेनाशी होते. पुढील जवळजवळ प्रत्येक उत्तराचे मूळ या एका फाइलपाशी येते: तिच्यात लिहिणारा एका वेळी एकच असावा लागतो.

हा फोल्डर नेटवर्कवर शेअर करून दोन्ही संगणकांवरील कॅलिबरमध्ये उघडला, तर काय बिघडते?

फोल्डर दिसतो, संग्रह उघडतो आणि काही काळ सारे सुरळीत चालते. म्हणूनच हा मार्ग फसवा आहे. दोन प्रोग्रॅमनी एकाच क्षणी डेटाबेसमध्ये लिहू नये, यासाठी एसक्यूलाइट फाइलवर लॉक ठेवते. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर हे लॉक कार्यप्रणाली चोख सांभाळते. परंतु एसएमबी किंवा एनएफएस यांसारख्या पद्धतींनी नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरवर ते नेहमी नीट पाळले जाईल याची खात्री देता येत नाही, आणि एसक्यूलाइटच्या निर्मात्यांनीही आपल्या दस्तऐवजांत याविषयी सावध केले आहे. लॉक पाळले गेले नाही, तर दोन लेखनक्रिया एकमेकींवर पडतात आणि डेटाबेस वाचण्याजोगा राहत नाही.

लॉक चोख पाळले गेले, तरीही दुसरी अडचण उरतेच. कॅलिबर संग्रह उघडताना डेटाबेसमधील नोंदी संगणकाच्या स्मृतीत घेते आणि पुढे त्याच प्रतीवर काम करते. त्यामुळे पहिल्या संगणकावर केलेला बदल दुसऱ्यावर आधीच उघडलेल्या कॅलिबरला कळत नाही. समजा, पहिल्या संगणकावर एखाद्या लेखकाच्या नावाचे लेखन दुरुस्त केले, तर कॅलिबर त्या लेखकाचा फोल्डर आणि त्यातील सर्व पुस्तके नव्या नावाखाली हलवते. दुसऱ्या संगणकावरील कॅलिबर मात्र ती पुस्तके जुन्याच जागी शोधत राहते आणि त्याच वेळी तेथे कोणी काही बदल केला, तर एकाच पुस्तकाच्या फायली दोन ठिकाणी विखुरतात. वायफायची जोडणी मध्येच तुटली आणि त्या क्षणी लेखन चालू असले, तर एकट्या वापरकर्त्याचेही नुकसान होऊ शकते. संग्रह नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नये, असे कॅलिबरच्या अधिकृत मार्गदर्शिकेत सांगितले आहे. आपल्याकडे आजवर काही बिघडले नाही, एवढ्या अनुभवावर तो सल्ला बाजूला सारू नये.

एका वेळी एकानेच उघडायचे, असा घरात नियम केला तर?

जोखीम कमी होते, संपत नाही. लॉकचा आणि तुटणाऱ्या जोडणीचा प्रश्न तसाच राहतो, शिवाय असा नियम पाळला जाणे सर्वस्वी माणसांच्या आठवणीवर अवलंबून असते. कोणी तरी खिडकी लहान करून ठेवतो आणि कॅलिबर चालू आहे हेच विसरतो.

मग योग्य मार्ग कोणता?

कॅलिबरमध्येच असलेला कंटेंट सर्व्हर वापरणे. संग्रह ज्या संगणकाच्या डिस्कवर आहे, त्याच संगणकावर राहतो आणि डेटाबेसला हात लावण्याचा अधिकारही त्याच्याचकडे राहतो. इतर संगणक त्याच्याकडे ब्राउझरमधून पुस्तक मागतात आणि तो ते पुरवतो. वाचनालयात वाचकाने कपाटे न उघडता खिडकीपाशी मागणी नोंदवावी, तसा हा प्रकार आहे. बाकीच्या संगणकांवर कॅलिबर बसवण्याचीही गरज नसते.

सर्व्हर सुरू करण्यासाठी वरच्या पट्टीवरील 'कनेक्ट/शेअर' या बटणातून 'स्टार्ट कंटेंट सर्व्हर' निवडावे. तो मूळ मांडणीप्रमाणे ८०८० या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरील जोडणीच्या या क्रमांकाच्या दारावर, चालतो. त्याच बटणाखाली संगणकाचा नेटवर्कवरील पत्ता दिसतो; तो १९२.१६८.१.२० असा असेल, तर दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता, त्यापुढे अपूर्णविराम आणि पोर्ट क्रमांक लिहिला की मुखपृष्ठांसह संपूर्ण संग्रह समोर येतो. तेथे शोध घेता येतो, पुस्तक ब्राउझरमध्येच उघडून वाचता येते किंवा फाइल उतरवून घेता येते. दर वेळी हाताने सुरू करणे टाळायचे असल्यास 'प्रेफरन्सेस'मधील 'शेअरिंग ओव्हर द नेट' या विभागात कॅलिबरसोबतच सर्व्हरही आपोआप सुरू होण्याची सोय आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी, कारण तिच्यामुळे अनेकांची निराशा होते: दुसऱ्या संगणकावरील कॅलिबरच्या नेहमीच्या खिडकीत हा दूरचा संग्रह उघडता येत नाही. तेथे ब्राउझरच वापरावा लागतो.

दुसऱ्या संगणकावरून पत्ता उघडतच नाही. कोठे पाहावे?

प्रथम ज्या संगणकावर सर्व्हर आहे, त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडून पाहावा. तेथे उघडला, तर सर्व्हर ठीक आहे आणि अडथळा वाटेत आहे. बहुतेक वेळा तो फायरवॉल असतो: विंडोज पहिल्यांदा परवानगी विचारते तेव्हा घाईत नकार दिला गेलेला असतो, किंवा घरचे नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदले गेलेले असते. फायरवॉल पूर्ण बंद करू नये. केवळ कॅलिबरला खासगी नेटवर्कवर परवानगी द्यावी.

त्यानंतर दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर आहेत का, हे तपासावे. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असते आणि त्यावरील उपकरणांना घरातील इतर उपकरणे सहसा दिसू दिली जात नाहीत. कार्यालयीन लॅपटॉपवर व्हीपीएन (इंटरनेटवरून दुसऱ्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी करणारा मार्ग) चालू असेल, तर तोही घरातील पत्त्यांपर्यंतची वाट अडवू शकतो. काल चालणारा पत्ता आज चालत नसेल, तर राउटरने संगणकाला नवा पत्ता दिलेला असण्याची शक्यता अधिक. राउटरच्या मांडणीत त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवला की हा त्रास कायमचा मिटतो. आणि सर्व्हर असलेला संगणक झोपी गेला असेल, तर यांपैकी कशाचाच उपयोग नाही, हे अर्थातच.

दुसऱ्या संगणकावरून पुस्तक जोडता येते का? माहिती सुधारता येते का?

येते, पण त्यासाठी वापरकर्ता खाते लागते. नाव आणि पासवर्ड यांची अट घातलेली नसेल, तर मूळ मांडणीत सर्व्हर इतर संगणकांना केवळ वाचू देतो, बदल करू देत नाही, आणि ही मांडणी योग्यच आहे. 'शेअरिंग ओव्हर द नेट' विभागात पासवर्डची अट चालू करून प्रत्येकासाठी खाते तयार करावे आणि ज्याला बदल करू द्यायचे आहेत, त्याच्याच खात्याला लेखनाची परवानगी द्यावी. त्यानंतर सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. अशा खात्यातून ब्राउझरमधूनच पुस्तक जोडणे, काढून टाकणे, शीर्षक व टॅग सुधारणे आणि एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करणे शक्य होते. हे बदल प्रत्यक्षात सर्व्हरच करतो, त्यामुळे डेटाबेसमध्ये लिहिणारा एकच राहण्याचा नियम मोडत नाही.

अनेक पुस्तकांची माहिती एकदम सुधारायची असेल, तर मात्र ब्राउझरमध्ये वेळ घालवू नये. असे काम मूळ संगणकासमोर बसूनच करावे. कॅलिबरच्या खिडकीतील सामूहिक संपादनाची साधने पुष्कळ अधिक समर्थ आहेत. आज्ञा टाइप करून काम करण्याची सवय असलेल्यांना 'कॅलिबरडीबी' हे साधनही सर्व्हरचा पत्ता देऊन दुसऱ्या संगणकावरून वापरता येते.

मुलांना काही पुस्तके दिसू नयेत, अशी व्यवस्था होते का?

होते. प्रत्येक खात्याला कोणते संग्रह दिसावेत हे ठरवता येते आणि संग्रहाच्या आतही शोधवाक्य लिहून मर्यादा घालता येते. उदाहरणार्थ, ठरावीक टॅग असलेलीच पुस्तके त्या खात्याला दाखवावीत. याचा भरवसा टॅग लावण्याच्या शिस्तीवर असतो. त्यामुळे 'अमुक टॅग असलेली लपवा' यापेक्षा 'अमुक टॅग असलेलीच दाखवा' अशी मर्यादा घालावी, म्हणजे टॅग लावायचे राहून गेलेले नवे पुस्तक चुकून समोर येत नाही.

एका संगणकावर अर्धे वाचलेले पुस्तक दुसऱ्यावर त्याच पानावर उघडेल का?

दोन्हीकडे कंटेंट सर्व्हरच्या ब्राउझरमधील वाचनखिडकीतच वाचत असाल आणि दोन्हीकडे एकाच खात्याने प्रवेश केला असेल, तर उघडेल. वाचनाची जागा सर्व्हरवर खात्यानुसार जपली जाते. घरात सर्वांनी मिळून एकच खाते वापरले, तर एकाने गाठलेले पान दुसऱ्यासमोर उघडते, हे लक्षात घेऊन माणशी एक खाते ठेवावे. फाइल उतरवून दुसऱ्या एखाद्या वाचन-ॲपमध्ये वाचली, तर त्या ॲपमधील जागेची कॅलिबरला कल्पना नसते.

ओपीडीएस म्हणजे काय आणि त्याचा येथे काय उपयोग?

ओपीडीएस ही ई-पुस्तकांची सूची वाचन-ॲपला समजेल अशा रूपात देण्याची खुली पद्धत आहे. तिची पहिली आवृत्ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. कॅलिबरचा सर्व्हर ती आपोआप पुरवतो. सर्व्हरच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजी लिपीतील 'ओपीडीएस' ही अक्षरे जोडलेला पत्ता केओरीडरसारख्या ॲपमध्ये एकदा नोंदवला, की त्या उपकरणावरून थेट संग्रह चाळून पुस्तक उतरवता येते. ब्राउझर जेमतेम चालणाऱ्या ई-वाचक उपकरणांवर हाच मार्ग सुखाचा ठरतो. अशा उपकरणांसाठी सर्व्हरचे एक साधे, हलके पानही असते. त्यासाठी पत्त्यापुढे 'मोबाइल' हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडावा.

मुख्य संगणक दिवसभर चालू ठेवणे शक्य नाही. पर्याय काय?

कमी वीज घेणारा छोटा संगणक संग्रहासाठी वेगळा ठेवता येतो. कॅलिबरचा सर्व्हर खिडकीशिवाय, केवळ आज्ञा देऊन चालवता येतो आणि २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून एआरएम प्रोसेसरच्या लिनक्स संगणकांसाठीही कॅलिबर तयार स्वरूपात मिळते, त्यामुळे रास्पबेरी पायसारखा ६४ बिटचा संगणक या कामास पुरतो. संग्रह त्याच्या स्वतःच्या डिस्कवर किंवा त्याला थेट जोडलेल्या यूएसबी डिस्कवर असावा. तेथेही नेटवर्कवरून जोडलेला फोल्डर नको.

मात्र असा स्वतंत्र सर्व्हर आणि कॅलिबरची खिडकी ही दोन्ही एकाच संग्रहावर एकाच वेळी चालवता येत नाहीत. खिडकीतून काम करायचे असेल, तर आधी सर्व्हर थांबवावा आणि काम संपल्यावर पुन्हा सुरू करावा. कॅलिबर येथे त्रुटीचा संदेश देऊन अडवते, तेव्हा ते चिडवण्यासाठी नसून डेटाबेस वाचवण्यासाठी असते.

क्लाउडमधील फोल्डरमध्ये किंवा सिंकथिंग या संगणकांमधील फायली जुळवणाऱ्या साधनाने संग्रह दोन्ही संगणकांवर जुळवून ठेवला तर?

येथे लॉकचा प्रश्न येत नाही, कारण प्रत्येक संगणकावर स्वतःची पूर्ण प्रत असते. नवा प्रश्न असा, की या सेवा फाइल जुळवतात, डेटाबेसमधील नोंदी जुळवत नाहीत. दोन्हीकडे दोन वेगवेगळी पुस्तके जोडली गेली, तर 'मेटाडेटा डॉट डीबी'च्या दोन भिन्न प्रती तयार होतात. सेवेला त्यांतील एक ठेवावी लागते आणि दुसरी संघर्षाची खूण असलेल्या नावाने बाजूला पडते. पुस्तकांचे फोल्डर मात्र दोन्हीकडून येऊन मिसळतात. मग डेटाबेसला ठाऊक नसलेली पुस्तके डिस्कवर असतात आणि सूचीत दिसत नाहीत. कधी दोन्ही संगणकांनी आपापल्या नव्या पुस्तकाला एकच क्रमांक दिलेला असतो, आणि तो गुंता हाताने सोडवणे फार किचकट असते.

तरीही प्रवासात लॅपटॉपवर संपूर्ण संग्रह हवा असणे, ही खरी गरज आहे. तिच्यासाठी जुळवणी एकाच दिशेने ठेवावी. सिंकथिंगमध्ये मूळ संगणकावरील फोल्डर 'सेंड ओन्ली' आणि लॅपटॉपवरील 'रिसीव्ह ओन्ली' ठेवता येतो. लॅपटॉपवर कॅलिबर उघडून वाचावे, पण बदल करू नयेत. जुळवणी चालू असताना दोन्हीकडे कॅलिबर बंद ठेवावे, कारण अर्धवट लिहिलेला डेटाबेस पलीकडे पोहोचला तर तो उघडत नाही. ज्या सेवा फाइलचे केवळ नाव दाखवतात आणि मागणी केल्यावरच ती उतरवतात, त्यांच्यात संग्रह ठेवूच नये.

कॅलिबर-वेब हा निराळा प्रकार आहे का?

होय. नावात साम्य असले, तरी तो संग्रह ब्राउझरमध्ये दाखवणारा, इतरांनी लिहिलेला स्वतंत्र मुक्तस्रोत प्रकल्प आहे. तो कॅलिबरने तयार केलेल्या डेटाबेसवरच काम करतो, मूळ मांडणीप्रमाणे ८०८३ या पोर्टवर चालतो आणि त्याचे रूप कॅलिबरच्या सर्व्हरपेक्षा अधिक नीटनेटके आहे. पण घरापुरत्या वापरासाठी कॅलिबरचा स्वतःचा सर्व्हर पुरेसा असताना एकाच डेटाबेसला हात लावणारा आणखी एक प्रोग्रॅम वाढवण्यात फारसा लाभ दिसत नाही. तो निवडलाच, तर बदल कोणत्या एका ठिकाणाहून करायचे, हे आधी ठरवावे.

घराबाहेरून संग्रह उघडता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या राउटरवर पोर्ट उघडून देता येते, पण तसे करू नये. जगाला खुले असलेले पोर्ट सतत धुंडाळले जात असतात आणि एचटीटीपीएस या सांकेतिक जोडणीशिवाय चाललेली देवाणघेवाण वाटेत वाचता येते. वायरगार्डसारखा व्हीपीएन घरच्या राउटरवर किंवा त्या छोट्या संगणकावर बसवला, की बाहेरचा लॅपटॉप जणू घरातच असल्याप्रमाणे त्याच पत्त्याने संग्रह उघडतो आणि सर्व्हर बाहेरच्यांना दिसतही नाही. सर्व्हरच्या खात्यांसाठी बँक किंवा ईमेलचा पासवर्ड पुन्हा वापरू नये.

विकत घेतलेली काही पुस्तके दुसऱ्या संगणकावर उघडत नाहीत. असे का?

त्या फायलींवर डीआरएम म्हणजे प्रतिबंधक कुलूप आहे. अशी फाइल विक्रेत्याच्या ॲपमध्ये आणि खरेदीदाराच्या खात्यातच उघडते. कॅलिबर तिची सूचीत नोंद ठेवू शकते, पण ती वाचू किंवा रूपांतरित करू शकत नाही. घरातील दुसऱ्या संगणकावर विक्रेत्याचेच ॲप बसवून त्याच खात्याने प्रवेश करणे, हा सरळ उपाय आहे. कुलूप नसलेली पुस्तकेसुद्धा घराबाहेर वाटण्याचा हक्क खरेदीसोबत मिळतोच असे नाही, त्यामुळे सर्व्हरची खाती घरच्यांपुरतीच ठेवणे इष्ट.

दोन संगणकांवर आधीच दोन वेगळे संग्रह झाले आहेत. ते एकत्र कसे करावेत?

फायली हाताने एकमेकांत टाकून ते कधीही जुळत नाहीत. दुसऱ्या संगणकावर कॅलिबर बंद करून तेथील संपूर्ण संग्रह-फोल्डर यूएसबी डिस्कवर घ्यावा आणि पहिल्या संगणकावर वेगळ्या जागी उतरवावा. पहिल्या संगणकाच्या कॅलिबरमध्ये तो दुसरा संग्रह म्हणून उघडावा, सर्व पुस्तके निवडावीत आणि 'कॉपी टू लायब्ररी' या आज्ञेने मुख्य संग्रहात पाठवावीत. असे केल्याने पुस्तकांसोबत त्यांचे टॅग, शेरे आणि मुखपृष्ठेही येतात. स्वतः तयार केलेले स्तंभ मात्र मुख्य संग्रहातही त्याच नावाने आणि त्याच प्रकाराने आधी तयार करून ठेवावेत, नाहीतर त्यांतील मजकूर मागेच राहतो.

दोन्हीकडे असलेल्या पुस्तकांचे काय करायचे, हे 'ॲडिंग बुक्स' विभागातील आपोआप विलीन करण्याच्या पर्यायाने ठरते. शीर्षक आणि लेखक यांचे लेखन जुळले, तरच ही पारख चालते. एका संग्रहात लेखकाचे पूर्ण नाव आणि दुसऱ्यात केवळ आद्याक्षरे असतील, तर एकच पुस्तक दोनदा दिसेल. म्हणून विलीनीकरणाआधी दोन्हीकडील लेखकांच्या यादीवरून एकदा नजर फिरवणे नंतरच्या कष्टांपेक्षा स्वस्त पडते. जुना संग्रह लगेच पुसू नये.

डेटाबेस बिघडलाच, तर पुस्तके गेली असे समजावे का?

नाही. पुस्तकांच्या फायली डेटाबेसबाहेर, आपापल्या फोल्डरांत सुरक्षित असतात आणि प्रत्येकीजवळच्या ओपीएफ फाइलमध्ये तिची माहितीही असते. 'लायब्ररी मेंटेनन्स'मधील 'रिस्टोअर डेटाबेस' ही आज्ञा या फायली वाचून नवा डेटाबेस उभारते. तिच्या मर्यादा मात्र आधी जाणून घ्याव्यात: जपून ठेवलेले शोध, स्वतः केलेले वर्ग आणि पुस्तकनिहाय रूपांतराच्या मांडण्या परत येत नाहीत. ओपीएफ फायली पार्श्वभूमीत सावकाश लिहिल्या जातात, त्यामुळे बिघाडाच्या आधी नुकतेच केलेले बदलही त्यांत नसण्याची शक्यता असते.

यासाठी नियमित बॅकअपला पर्याय नाही. कॅलिबर आणि सर्व्हर बंद असताना संपूर्ण संग्रह-फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क एरवी संगणकाला जोडलेली नसावी. जुळवणी करणारी सेवा ही बॅकअप नव्हे. एका संगणकावर चुकून पुसलेले पुस्तक ती दुसऱ्यावरूनही तत्परतेने पुसते. मांडणी आणि प्लगइनसह सर्व काही नव्या संगणकावर न्यायचे असेल, तर कॅलिबरमधील 'एक्स्पोर्ट/इम्पोर्ट ऑल कॅलिबर डेटा' ही सोय वापरावी. बॅकअप घेतल्यावर तो वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून कॅलिबरमध्ये एकदा उघडून पाहावा आणि मगच जुना बॅकअप काढून टाकावा.